लाल स्टिकर बघून तरी पट्टा लावा

मा. संपादक,

माझ्या धाकट्या बहिणीचं हे दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर झालेलं आणि यावेळी सातव्या महिन्यापासून बीपी वाढलेलं, म्हणून तिच्या कार्डावर अतिजोखमीची माता असा लाल स्टिकर होता, आशाताई दर महिन्याच्या 9 तारखेला आठवणीने तपासणीला न्यायच्या. 36व्या आठवड्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, ताई, दुपारपासून बाळ फिरत नाहीये. जेवायला लावलं, डाव्या कुशीवर दोन तास झोपवलं, तेवढ्यात दहा वेळा तरी हलायला पाहिजे पण तीनदाच जाणवलं. मग गाडी करून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे एनएसटीचं मशीन, म्हणजे पोटाला पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांचा ग्राफ कागदावर काढणारं मशीन, होतं पण कागदाचा रोल संपलेला. सिस्टरनी छोट्या डॉपलरने, म्हणजे ठोके ऐकायच्या हातातल्या यंत्राने, अर्धा मिनिट बाळाचे ठोके ऐकले, 140 आहेत, नॉर्मल आहे, सकाळी या म्हणाल्या. 110 ते 160 नॉर्मल असतात हे खरं आहे हो, पण जोखमीच्या बाईला एवढ्या एका आकड्यावर घरी पाठवायचं का? वीस-वीस मिनिटं पोटाला पट्टा लावतात ते कशासाठी, तर बाळ हललं की ठोके वर जातायत का, मधेच खाली पडतायत का, रेष सपाट तर येत नाही ना, हे बघायला. अर्ध्या मिनिटात ते कळतच नाही.

आम्ही सकाळची वाट बघितली नाही, रात्रीच जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. तिथे पट्टा लावला तर रेष जवळपास सपाट आणि दोनदा ठोके 90 वर आले. तासाभरात सिझर केलं. बाळ 1 किलो 900 ग्रॅमचं, आठ दिवस पेटीत होतं, आता घरी आहे.

सिस्टरवर माझा राग नाही, रात्रपाळीला त्या एकट्या होत्या आणि शेजारच्या खोलीत एक बाई कळा देत होती. बाळंतपणात सुरुवातीला दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि जोर करताना दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात, शिवाय आईची नाडीही बघायची, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे समजले जातात. एकटीने हे सगळं कसं जमणार? सगळ्याच बायकांना पट्टा लावून ठेवा असंही मी म्हणत नाही, धोका नसताना लावून ठेवला तर सिझर वाढतात हे अभ्यासात दिसलंय.

पण लाल स्टिकर असलेली बाई बाळ हलत नाही म्हणून आली तर पट्टा लागलाच पाहिजे, रोलचा एक जादा बॉक्स कपाटात पाहिजे, आणि रात्री डॉक्टर नसतील तर ग्राफचा फोटो जिल्ह्याच्या डॉक्टरांना पाठवायची सोय पाहिजे. यातलं काहीच होत नसेल तर सकाळी या म्हणू नका, तिथल्या तिथे 102 किंवा 108 बोलवा. आरोग्य अधिकाऱ्यांनी आपल्या तालुक्यातली मशीन एकदा स्वतः चालू करून बघावीत, रात्रीच्या वेळी.

एक मोठी बहीण, सातारा जिल्हा