डायलिसिस सुरू झाल्यावर डाळ-अंडी बंद नकोत

महोदय,

मूत्रपिंडाचा आजार निघाला की घरात सर्वांत आधी डाळ, अंडी, मासे बंद होतात. डायलिसिसपूर्वी प्रथिने बेताने खाण्यामागे कारण आहे. प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांच्या विघटनातून युरिया हा टाकाऊ पदार्थ बनतो आणि अति प्रथिनांनी मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांवर दाब वाढतो. म्हणूनच ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत अशा प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. तेवढी मिळायलाच हवीत, हे मात्र कुणी सांगत नाही.

डायलिसिस सुरू झाल्यावर गणित उलटते. रक्त शुद्ध होताना प्रत्येक वेळी साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. आता गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पण घरचे जुनेच पथ्य चालवतात. माझ्या काकांचे दंड बारीक होत गेले, तरी आम्हाला वाटे, आजारच तसा. अंड्यातल्या पांढऱ्या भागात प्रथिने भरपूर आणि या आजारात रक्तात साठणारा फॉस्फरस अगदी कमी असतो, हे फार उशिरा कळले.

सरकारी योजनांतून डायलिसिस मोफत मिळते, ही मोठीच सोय आहे. त्याच केंद्रांत आहारतज्ज्ञही नेमावा आणि रुग्णाच्या तपासण्या पाहून पोटॅशियम, फॉस्फरस सांभाळणारा आहार मराठीत लिहून द्यावा, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर