ताईस पत्र: सही करण्याआधी घर मोजून घे

नौपाडा, ठाणे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर घटस्फोटाचं बोलताना म्हणालीस, "बाबा, मला त्या घरातलं काही नको, सही करून मोकळी होते." आई गप्प बसली, मला रात्रभर झोप नाही. बँकेच्या कर्जखात्यात जन्म गेला माझा. सोडायचंच असेल तर खुशाल सोड, पण किती सोडतेयस ते आधी कळू दे.

तुझ्या नवऱ्याने सांगितलेली घराची किंमत रेडी रेकनरची आहे. तो दर सरकारने मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेला. नेरूळला त्या भावात तुमच्या इमारतीत कुणी घर देईल का? तुझी मैत्रीण सांगते तो भाव जाहिरातीतला, म्हणजे विकणाऱ्याच्या मनातला. दोन्ही बाजूला ठेवा. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचा उतारा, काढून तुमच्याच सोसायटीत अलीकडे काय भावाने व्यवहार झाले ते बघा.

आणि सरकारमान्य व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, एकच नेमा, दोघांच्या सहीने, फी निम्मी-निम्मी. दोघांनी दोन आणले की दोन आकडे येतात आणि भांडण तिथल्या तिथेच राहतं. कर्ज घेताना बँकेने केलेला रिपोर्ट आता कामाचा नाही. तो त्या वेळचा आणि बँकेच्या गरजेपुरता. नव्या रिपोर्टवर तारीख आणि कारण लिहून घे. त्यात बहुधा तीन आकडे असतील: बाजारभाव, प्रत्यक्ष हाती येईल ती रक्कम, आणि घाईत विकावं लागलं तर मिळेल ती. तिसरा सगळ्यात कमी असतो. समोरच्या वकिलाने त्यावर बोट ठेवलं तर विचार, इथे घाई कुणाला आहे?

क्षेत्रफळ कार्पेटच, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचंच, धरायचं. मॉड्युलर किचनवर तुम्ही ओतलेले पैसे व्हॅल्युअर फारसे धरणार नाही, त्यावरून वाद घालू नकोस. जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्यातली किती वर्षं उरली आणि नाव बदलताना सिडकोला काय भरावं लागेल, हे आत्ताच विचारून ठेव.

मग त्या किमतीतून कर्जाची बाकी वजा कर. उरेल त्यावर बोलायचं. आपल्याकडे निम्मं-निम्मं देणारा कायदा नाही. परस्पर संमतीच्या अर्जात तुम्ही दोघं जे लिहाल तेच. तू नोकरी सोडलीस त्या दोन वर्षांत हप्ते त्याने एकट्याने भरले, हेही तिथे यायला हवं. राग आला तरी चालेल.

एक मात्र बँकवाला म्हणून बजावतो. घर त्याने ठेवलं तरी कर्जावर तुझं नाव राहिलं, तर हप्ता चुकल्यावर बँक तुलाही धरणार. कोर्टाचा कागद दाखवून सहकर्जदार सुटत नाही. तुझं नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करायची नाही.

व्हॅल्युअर येईल त्या दिवशी मला बोलावू नकोस. मी आलो की बोलणार, आणि मी बोललो की तो चिडणार. तुम्ही दोघंच थांबा.

करारनाम्याची झेरॉक्स माझ्या निळ्या फायलीत आहे. रविवारी पनवेल लोकलने आई येतेय, तिच्याबरोबर पाठवतो. सोबत भाकरीचं पीठही आहे.

तुझे
बाबा