नाशकातल्या सहीची खात्री मुंबईत का?

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : परदेशी न्यायच्या दाखल्यांची राज्यस्तरीय पडताळणी नाशिकमध्ये सुरू करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

अंबडच्या एमआयडीसीत पंधरा वर्षं टूल डिझाइनचं काम केल्यावर मला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी मिळाली. बायको आणि दोन्ही पोरं बरोबर येणार आहेत. नोकरी दोन मुलाखतींत मिळाली. कागद जमवायला मात्र सात महिने गेले.

सुरुवात नावापासून झाली. माझ्या बायकोचं नाव प्रज्ञा. पासपोर्टवर हा ज्ञ इंग्रजीत 'जी-वाय' असा आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर 'डी-एन-वाय'. तुम्हाआम्हाला दोन्हीकडे प्रज्ञाच दिसते, पण परदेशातल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. दुरुस्तीला गेलो तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, कसं टाकू?" ज्ञ, ळ, क्ष इंग्रजीत कसे लिहायचे याचा शासनाचा काही नियम असलाच, तर तो त्या खिडकीपर्यंत पोचलेला नाही.

थोरलीच्या जन्मदाखल्यावर तर नावाची जागा कोरीच होती. दवाखान्यातून जन्माची खबर लगेच जाते, बारसं नंतर होतं. नाव पुढे घालून घेता येतं, ते आम्हीच राहू दिलं. चूक आमची. धाकटा जून २०२४ चा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लावायचं, हा आपल्या सरकारचा निर्णय मला मनापासून आवडला. दाखला हातात आला तेव्हा प्रज्ञा तो दोनदा वाचत बसली. पण त्यामुळे ताईचं नाव तीन शब्दांचं, भावाचं चार शब्दांचं, आणि पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच : नाव आणि आडनाव. ही सख्खी भावंडंच आहेत ना, अशी विचारणा करणारी ईमेल आलीच. मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र.

आता मुख्य गाऱ्हाणं. आपला दाखला परदेशात चालायचा तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे तो अस्सल असल्याचं परदेशाला सांगणारा शिक्का लागतो. १९६१ च्या हेग करारातली ही सोय भारतात २००५ पासून लागू आहे. परराष्ट्र मंत्रालय हा शिक्का देतं, सरकारी फी कागदाला ५० रुपये. तक्रार त्याबद्दल नाही. त्याआधी राज्य सरकारने सांगावं लागतं, की दाखल्यावरची सही खरी आहे. जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांसाठी मला या कामाला मुंबईचा रस्ता दाखवण्यात आला.

ही पडताळणी म्हणजे काय, तर निबंधकाची सही कार्यालयात ठेवलेल्या नमुन्याशी जुळवून पाहायची. माझे दाखले राजीव गांधी भवनातल्या महापालिकेचे. म्हणजे शरणपूर रोडवर झालेली सही खरी की खोटी, हे कळायला ती आधी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला न्यायची. मी तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेला झेरॉक्स कमी पडली, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. एका एजंटने "घरबसल्या करून देतो" म्हणत कागदामागे साडेतीन हजार सांगितले. पन्नास रुपयांच्या कामाला!

तिसऱ्या खेपेला रांगेत शहाद्याचे एक गृहस्थ भेटले. मुलगी नर्स, आयर्लंडला निघालेली. रात्रभर एसटीत बसून आले होते आणि दुपारी डबा उघडून मलाच आग्रह करत होते. मी तरी सकाळी निघून रात्री घरी जेवायला येतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाने काय करायचं?

विभागीय आयुक्तांचं कार्यालय नाशिकरोडला आहे. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे त्याच्याखाली येतात. तिथे आठवड्यातून एक दिवस एक अधिकारी आणि सह्यांच्या नमुन्यांची फाइल बसवा, एवढंच मागणं आहे. सिंहस्थ आला की मंत्रालयातले मोठमोठे अधिकारी बैठकांसाठी नाशकात येतात. मग एक शिक्का यायला काय हरकत आहे? केंद्राने 'ई-सनद' नावाची ऑनलाइन सोयही केली आहे, पण त्यासाठी मूळ नोंद आधी डिजिटल भांडारात असावी लागते. आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या नोंदी अजून हाताने लिहिलेल्या वह्यांत आहेत. तेव्हा ऑनलाइनवर सोडून चालणार नाही, नाशिकरोडला माणूसच बसवावा लागेल.

आमची तिकिटं पुढच्या महिन्याची आहेत, त्यामुळे आम्हाला स्वतःला आता याचा उपयोग नाही. शहाद्याच्या त्या गृहस्थांची धाकटी मुलगीही नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नाशिककर