बाबांचं सूत्र आणि माझी सही

फ्रेमिंगहॅम,
९ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर जीभ उचलली नाही म्हणून लिहितेय. मी आणखी तीन वर्षं इथंच राहणार आहे. सही गेल्या मंगळवारीच केली. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर बाबा, तुम्ही लगेच "रहा, आमची काळजी करू नकोस" म्हणाला असता आणि आई आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली असती. तो आवाज मला इतक्या लांबून ऐकवत नाही.

माझं इथं सगळं नीट आहे. आई, ज्वारीचं पीठ मिळतं आणि आता भाकरीही फुगते. गोडा मसाला अजून अर्धी बरणी आहे. घर गरम असतं, रात्री मोजे घालून झोपते, ऑफिसातून येताना सोबत असते. डब्यात रोज भाजी असते. खरंच असते.

आता का राहिले ते सांगते. मी काम करते त्या हृदयविकाराच्या अभ्यासासाठी या गावातल्या ५२०९ जणांनी १९४८ पासून स्वतःला तपासायला दिलं. तिशी ते साठीतली साधी माणसं, बहुतेक धडधाकट. दर दोन वर्षांनी यायची, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट, वजन, सगळं नोंदवून घ्यायची. उपचार इथं मिळत नव्हते, रिपोर्ट त्यांच्या घरच्या डॉक्टरकडे जायचा. तरी यायची. १९७१ मध्ये त्यांची मुलं आली, २००२ मध्ये नातवंडं. आपले डॉक्टर चिठ्ठीवर 'रिस्क फॅक्टर' लिहितात ना, तो शब्द याच अभ्यासाच्या १९६१ च्या लेखातून सगळीकडे गेला.

त्या मुलांच्या पिढीतले आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मी त्यांना फोन करून वर्षभराची तब्येत विचारते. दवाखान्यात जावं लागलं का, चक्कर आली का, गोळ्या कोणत्या. परवा एक आजोबा सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, पुढच्या वर्षी तूच करशील ना फोन? आणि मी हो म्हणून गेले. तुम्हाला सांगायच्या आधी त्यांना सांगून बसले, हे मला चार दिवस टोचतंय.

त्याहून जास्त टोचतंय ते आई परवा बोलता बोलता बोलून गेली ते. गणपतीपासून बाबांनी बीपीची गोळी बंद केली आहे. आई, तुझ्यावर रागावलेले नाही. बाबा, तुमच्यावरही नाही. मी परक्यांच्या गोळ्या रोज लिहून घेते आणि तुमच्या मला दोन महिन्यांनी कळतात, राग आहे तो याचा.

"बीपी नॉर्मल आला म्हणून थांबवली" असं तुम्ही म्हणालात म्हणे. बाबा, तो गोळीमुळे नॉर्मल आला होता. आणि तुमचं ते सूत्र, वय अधिक शंभर, म्हणजे चौऱ्याहत्तरीला १७४ चालतो. हे तुम्ही मनाने काढलेलं नाही. एके काळी मोठमोठे डॉक्टरही वयाबरोबर दाब चढायचाच असं मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांचा वरचा आकडा १८६ होता, खालचा १०८. पुढच्या वर्षी १२ एप्रिलला तो ३०० आणि १९० वर गेला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ६३. त्यांच्यापाशीसुद्धा तेव्हा आजच्यासारखी गोळी नव्हती. तुमच्या टेबलाच्या खणात आहे.

उतारवयात वरचा आकडा निरुपद्रवी नसतो, हे इथल्याच नोंदींनी दाखवलं. दुखत नाही, खुपत नाही, आणि आतल्या आत रक्तवाहिन्या कडक करत जातो. तुम्हाला काही होत नाही हे खरं आहे. आप्पांनाही सोमवारपर्यंत काही होत नव्हतं.

आणखी एक सांगायचंय, ते नीट वाचा. पंचावन्न ते पासष्टीपर्यंत ज्यांना बीपी नव्हता, त्यांच्यातल्याही दहापैकी नऊ जणांना पुढे तो होऊ शकतो, असा इथला हिशेब आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. रोज पहाटे प्रीतिसंगमापर्यंत चालत जाणारा, सुपारीलाही न शिवलेला माणूस आजारी ठरला, असं मनात आणू नका. ते गोरे, आपलं वेगळं, असंही म्हणाल. वेगळं आहेच. बावन्न देशांच्या एका अभ्यासात आपल्याकडच्यांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. आपल्याला तर जास्तच जपायला हवं.

मला सातवीतला टायफॉईड आठवतोय. तुम्ही दर चार तासांनी ताप बघायचात आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचात, १०२, १०१.४, १००. मी पडल्या पडल्या ते आकडे उतरताना बघायची. दोन आठवडे तुम्ही शाळेत गेला नाहीत. आकडे लिहून ठेवले की माणूस बरा होतो, असं मला तेव्हा वाटायचं. बाबा, आता तसंच लिहा ना. माझ्यासाठी.

उद्याच डॉक्टरांकडे जायचं. दोन महिने थांबलेली गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही, ते सांगतील तशी. बीपीचं मशीन मावशीच्या हातून पाठवलंय, चार दिवसांत येईल. सकाळी चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. बोलायचं नाही, आई, तूही नाही. दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. रात्री उठताना आधी कॉटच्या कडेला मिनिटभर बसायचं.

आई, लोणचं बंद कर असं मी म्हणणार नाही, तुझं लोणचं आहे ते. फक्त फोड छोटी वाढ, आणि पापड रोज नको, सणासुदीला. तुझाही बीपी मोजायचा. तू टाळशील, म्हणून बाबांना सांगून ठेवतेय.

मार्चमध्ये तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. रविवारी फोन करते, तेव्हा कॅलेंडर समोर ठेवा.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. स्वेटरवरून नाही.