तिकडचा जुलै म्हणजे आपला जानेवारी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी मुलांकडे उन्हाळा काढायला जाणाऱ्या आईवडिलांसाठीचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. व्हिसा, विमा, औषधं याबद्दल लिहिलंय ते उपयोगाचंच आहे. शेवटी मात्र ‘तिकडचा जून-जुलै म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी, तेव्हा पालक, सांभार (कोथिंबीर) खुशाल जूनमध्ये पेरा’ असं ठोकून दिलंय. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बरंच बी वाया जातं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. मुलगी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत मी नागपूर सोडते, त्यामुळे तिच्या परसातले वाफे माझ्याच ताब्यात असतात.

थंडीपुरतं बोलायचं तर लेखकानं कमीच सांगितलं. ॲबर्डीनला जुलैतलं सरासरी कमाल तापमान 18-19 अंश असतं. आपल्याकडे जानेवारीची दुपारसुद्धा 28 अंशांच्या आसपास जाते. त्यात समुद्रावरून धुकं आत आलं की भर दुपारी स्वेटर शोधायची वेळ येते. पण आपला जानेवारीतला दिवस जेमतेम 11 तासांचा. ॲबर्डीन 57 अक्षांशावर आहे. 21 जूनला तिथे सूर्य जवळजवळ 18 तास वर असतो आणि मावळल्यावरही पुरता अंधार पडत नाही. पालकाच्या पानाला रात्र किती मोठी आहे ते कळतं. दिवस 14 तासांच्या पुढे गेला की पाला वाढवायचं सोडून झाड दांडा काढतं आणि फुलोऱ्यावर येतं, मग हवा कितीही गार असो. सांभाराचंही तेच, वीतभर झाला नाही तोच तुऱ्यावर. म्हणून हे दोन्ही ऑगस्टमध्ये, दिवस आखडायला लागल्यावर पेरावेत.

तोवर पालक घातलेल्या आपल्या डाळभाजीचं काय, असं कोणी नागपूरकर विचारणारच. तिकडे चार्ड नावाची पालेभाजी मिळते, ती लावा. ती बीटाच्या कुळातली, आणि आपला देशी पालकही त्याच कुळातला. पहिल्या वर्षी ती सहसा फुलोऱ्यावर येत नाही, खालची पानं खुडत राहिलं की पुरवठ्याला येते. चुका नसला तर लिंबू पिळा, पण डाळभाजी चुकवू नका.

दुसरी गोष्ट जमिनीची. हवा उबदार वाटली म्हणून माती उबदार असतेच असं नाही. वाटाणा 5 अंशांच्या मातीतही रुजतो, एप्रिलमध्ये टाकला तरी चालतो. घेवड्याला निदान 12 अंश लागतात. थंड, ओल्या मातीत टाकलेलं घेवड्याचं बी आठवड्याभरानं उकरून पाहा. दाणा फुगलेला असतो, साल सुटलेली असते आणि चिमटीत धरला तर आतला गर पिठासारखा बाहेर येतो, वासही येतो. ते बी खराब नव्हतं, घाईनं सडलं. मातीत खुपसायचा थर्मामीटर घ्या, सकाळी बोटभर खोलीवर लावा आणि सलग आठवडाभर 12 च्या वर दिसला तरच घेवडा टाका. ॲबर्डीनला हे बहुतेक जून उजाडल्यावरच जमतं. आमचा घेवडा दक्षिणेकडे तोंड केलेल्या ग्रॅनाइटच्या भिंतीला लागून असतो. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब देतो. टमाटर मात्र मार्चमध्येच खिडकीत रोपं करून काचेच्या घरात लावावेत. उघड्यावर ते हिरवेच राहतात आणि मग चटणीलाच जातात.

बियांच्या पाकिटावर ‘60 दिवसांत तयार’ लिहिलेलं असतं, ते चांगल्या हवेचं गणित. उन्हाळा गार गेला तर त्यात दोनेक आठवडे सरळ मिळवायचे. सप्टेंबरअखेर दहिवर, म्हणजे गोठलेलं दंव, पडायची भीती धरायची, तिथून उलटं मोजायचं आणि ती तारीख टळली असेल तर बी पाकिटातच ठेवायचं. जुलैच्या मध्यानंतर फरसबी पेरणाऱ्यांना मी सांगून थकले.

आणि हो, घरचं बी पर्समध्ये घालून नेऊ नका. ब्रिटनमध्ये काय किंवा युरोपीय महासंघात काय, बाहेरून बियाणं न्यायचं तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. उलट बाजूनंही मोह नको. तिकडच्या कांद्याला गड्डा धरायला 14 ते 16 तासांचा दिवस हवा. नागपूरचा सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांचाही भरत नाही. कौतुकानं आणलेल्या त्या बियांची इथे नुसती पात येते.

संपादक महोदयांना विनंती एवढीच, की बागकामाचं काहीही छापताना नुसता महिना देऊ नये. कुठल्या गावासाठी, मातीचं तापमान किती आणि दिवस किती तासांचा, हे सोबतच्या चौकटीत द्यावं. आपल्या परसबागेच्या सदरातही फुलकोबीचं एकच वेळापत्रक महाबळेश्वरला आणि नागपूरला दिलं जातं. तेही याच निमित्तानं तपासून घ्यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर