माळ्यावरचं पुरणयंत्र खाली काढायला लावणाऱ्या ताईंना

अंगणवाडीताई, नमस्कार.

परवा वजनाच्या दिवशी गर्दी होती, बोलायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र.

जूनमध्ये बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली आणि चिंगी दिवसभर माझ्या ताब्यात आली. उष्टावण थाटात झालं होतं, मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली होती. दुसऱ्या दिवसापासून काय भरवायचं, ते मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. मी आपला मिक्सर लावला. सफरचंद, भरपूर पाणी, वर चमचाभर साखर. चिंगी ते जिभेने बाहेर ढकलायची आणि मी म्हणायचो, हिला फळं आवडतच नाहीत.

तुम्ही घरी आलात, वाटीत चमचा बुडवून तिरका केलात. सगळं ओघळलं. "दादा, हे पाणी झालं. चमच्यावर टिकलं पाहिजे." मग विचारलंत, पुरणयंत्र आहे का? होतं, माळ्यावर, होळीपासून तसंच. सफरचंद सोलून, बिया काढून, फोडी बोटाने दबतील इतक्या वाफवायच्या आणि बारीक जाळीतून काढायच्या. पिकलेल्या पेरूच्या बिया त्या जाळीवरच राहतात, हे मला आयुष्यात सुचलं नसतं. केळ्याला तर नुसता काटा पुरतो. एक नवीन फळ सुरू केलं की दोन-तीन दिवस दुसरं नवीन द्यायचं नाही. साखर बंद.

मधाचं तर विशेष. आई बाटली घेऊन उभीच होती. वर्षाच्या आत मध नको, त्यात जिवाणूंची बीजं असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. आईने झाकण लावलं. मी सांगितलं असतं तर माझीच शाळा घेतली असती.

मी फळांवर खूश होऊन बसलो होतो, तेव्हा तुम्ही पुन्हा टोकलंत. फळात लोह फारसं नसतं. नाचणी, डाळ, अंडं हवंच. पण डाळभातासोबत पेरू किंवा संत्रं दिलं की डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. तेव्हापासून पेरू जेवणाच्या ताटात आला. (एवढं सगळं शिकवणाऱ्या बाईला सरकार पगार नाही, 'मानधन' देतं. असो.)

आठव्या महिन्यात तुम्ही यंत्र बंद करायला सांगितलंत, तेव्हा मी कुरकुरलो होतो. नुकता हात बसला होता! पण तुमचं म्हणणं, गुठळ्या लागल्याशिवाय ती चावायला शिकणार कशी? पहिल्या दिवशी ओकारी आल्यासारखं केलं, माझा जीव वर. चौथ्या दिवशी पपईची मऊ फोड मुठीत धरून स्वतःच खाल्ली. निम्मी माझ्या शर्टावर.

यंत्र घासून परत माळ्यावर ठेवलंय. आता होळीला खाली येईल. पोळ्या घेऊन चिंगीला पाठवतो, म्हणजे तिला कडेवर घेऊन मीच येतो. तूप वेगळं आणीन.

तुमचा,
चिंगीचा बाबा