खवल्यांच्या नळ्या पोत्यात भरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी 31 वर्षं सहायक होतो. गेल्या उन्हाळ्यात तिथे रंगकाम निघालं म्हणून सहज डोकावलो, तर जुन्या कपाटातलं सामान पोत्यांत भरून व्हरांड्यात ठेवलेलं. तळाशी माशांच्या जीवाश्म खवल्यांच्या काचेच्या नळ्या होत्या. बुचं निघालेली, खवले एकमेकांत मिसळलेले, लेबलांचा ओल लागून लगदा झालेला. सात नळ्या शाबूत मिळाल्या, त्या विचारून घरी आणल्या. बाकीच्या गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या सातांतल्या एकीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा खवला आहे. करंगळीच्या नखाएवढा, शंकरपाळ्याच्या आकाराचा, काळपट तपकिरी. भिंगाखाली धरला की चिनी मातीच्या बरणीसारखा चकाकतो. बाजारातल्या रोहूचा खवला बोटांत वाकतो, हा वाकत नाही. खाली हाड आणि वर गॅनॉइनचा, म्हणजे दातावरच्या एनॅमलसारखा कठीण थर. मासा मेल्यावर मांस कुजतं, सांगाडा विखुरतो, पण असे खवले दगडात राहतात. हा ‘गार’ नावाच्या माशाचा. आज त्याचे भाऊबंद फक्त उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबात आहेत! डोंगरगावच्या या माशाचं वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ वुडवर्ड यांनी 1908 साली केलं. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांचा काळा पाषाण ज्या लाव्हाचा, तो लाव्हा पसरला त्या सुमाराचे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते थर.

नुसत्या खवल्यावरून मासा कसा ओळखतात, असं मुलं दरवर्षी विचारायची. मी त्यांना आधी रोहूचे खवले सौम्य कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवून ब्रशने साफ करायला लावत असे. मग भिंगाखाली वाढीची वर्तुळं दिसायची. जिताड्याच्या खवल्याच्या कडेला फणीसारखे बारीक दात, शार्कची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. अशाच फरकांवरून स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी 1830 च्या दशकात जीवाश्म माशांचे चार गट पाडले होते. ती वर्गवारी पुढे मागे पडली, कारण दूरच्या नात्यातल्या माशांचेही खवले सारखे असू शकतात. शिवाय एकाच माशाचे कुशीवरचे आणि शेपटीजवळचे खवले वेगळे दिसतात. त्यामुळे फसगत होते, एका माशाला दोन नावं पडतात. म्हणून आता खवल्याचा पातळ छेद घेऊन आतले थर बघतात. गारच्या खवल्यात गॅनॉइन थेट हाडावर बसलेलं असतं, मध्ये दंतिनाचा, म्हणजे दातात एनॅमलखाली असतो तसा थर नसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गॅनॉइनवर बारीक उंचवटे दिसतात, त्यांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर मोजून गारचे प्रकार वेगळे करतात.

पण तो खवला कोणत्या गावच्या कोणत्या थरातला, हे कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. ते फक्त लेबलावर असतं. व्हरांड्यात मिसळलेल्या त्या खवल्यांतले निम्मे मला आजही गारचे म्हणून ओळखता येतील, पण ते डोंगरगावचे की नागपूरजवळच्या टाकळीचे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

जिल्ह्यातल्या सर्व जुन्या महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे. कपाटं रिकामी करण्याआधी प्रत्येक नळीचा लेबलासकट फोटो काढा. गाव, थर, कुणी आणलं, कधी आणलं, हे रजिस्टरमध्ये उतरवा. आणि पेनाने नव्हे, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत टाका. शाई ओलीने पसरते, शिसं राहतं. माझ्या सात नळ्यांत तीस वर्षांपूर्वी मीच टाकलेल्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या होत्या, म्हणून त्या वाचता आल्या. ज्या विभागाला त्या नळ्या हव्या असतील, त्यांना मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
नाशिक रोड